जुनी मोटार उचलताना : जॅकवर विसंबू नका

ऑक्टोबर 2023 मध्ये प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. अॅम्बेसेडरचे उत्पादन त्याआधीच, 2014 साली बंद पडले होते. तरीही अनेक व्यापारी व कारागीर बांधवांच्या दाराशी वडिलांच्या काळातील अशी एखादी गाडी अजून उभी दिसते. ग्रीस भरणे, मागचे ब्रेक जुळवणे यांसारखी कामे घरच्या घरी होतात व दोन पैसे वाचतात. मात्र त्यासाठी गाडी उचलावी लागते, आणि खरी जोखीम तिथेच आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जॅक हा गाडी उचलण्यासाठी आहे, उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी नाही.

पद्मिनीचे वजन सुमारे 900 किलो. रुईची एक गाठ 170 किलोची धरली तर हा भार पाच गाठींहून जास्त झाला. डळमळत्या थप्पीखाली कोणी हमाल हात घालत नाही. मग नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अख्खे शरीर का घालावे? ऑईल जॅकमध्ये सारा भार तेलाच्या दाबावर असतो. आतले रबरी सील झिजले की तेल गळते व जॅक बसतो. स्क्रूच्या जॅकचा तळ अरुंद असतो. गाडी थोडी जरी सरकली तरी तो कलंडतो.

आता कामाची रीत पाहू. जागा सपाट व टणक हवी. पावसाळ्यात मातीचे अंगण टाळावे. गाडीत कोणी बसू नये, मुलांना दूर ठेवावे. मागची बाजू उचलायची असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी उटी लावावी. हॅंडब्रेकवर किंवा गिअरवर भिस्त ठेवू नये. या दोन्ही गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो. मागचे एकच चाक उचलले तरी डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि गिअरची पकड राहत नाही.

चाक काढायचे असेल तर त्याचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. गाडी वर असताना पान्याला जोर दिला तर ती हलते.

जॅक कुठे लावायचा हेही महत्त्वाचे. इंजिनाच्या ऑईल चेंबरखाली किंवा पातळ पत्र्याखाली कधीही लावू नये. जुन्या गाडीचा दाराखालचा पत्रा वरून रंगवलेला असला तरी आतून गंजलेला असू शकतो, ठोकून पाहावा. मागे अॅक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या बैठकीजवळ स्टँड चांगला बसतो. पुढच्या बाजूची जागा गाडीच्या पुस्तकात पाहावी किंवा जाणत्या मिस्त्रीकडून समजून घ्यावी.

गाडी वर गेली की दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे जॅक स्टँड लावावेत आणि जॅक हळूहळू सोडून भार त्यांवर टेकवावा. स्टँडवर लिहिलेली क्षमता वाचूनच तो विकत घ्यावा. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे मुळीच वापरू नयेत. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. मग बाजूला उभे राहून गाडी हाताने हलवून पाहावी. डळमळली तर खाली घेऊन पुन्हा मांडणी करावी. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड दगा देईल तर तेवढा आधार उरतो. जवळपास घरचे कोणी असू द्यावे.

स्टँडची जोडी एकदा घेतली की वर्षानुवर्षे पुरते. तिच्यात काटकसर करणे हा तोट्याचा सौदा आहे. गॅरेजचे बिल वाचवताना घरचा कमावता माणूस गेला, तर त्या बचतीचा हिशेब कोणाला द्यायचा?