मोहर्लीचा मुक्काम: इरईच्या काठी

समुद्रकिनाऱ्यावरच्या झोपड्यांचे फोटो पाहून हळहळू नका, आपल्या चंद्रपुरात इरई जलाशय आहे! ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, गावात होमस्टेही मिळतात. संध्याकाळी पाण्यात उभ्या वाळक्या खोडांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. ते बघायला सफारीचं तिकीटही लागत नाही.

ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मुक्कामाची सोय नाही, राहायचं ते बाहेर, बफरच्या म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातल्या गावांत. मंगळवारी कोअरची सफारी बंद असते आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंद. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, पण वाघ पाणवठ्यावर जास्त दिसतो तो तेव्हाच. लहान मुलं सोबत असतील तर माझं मत नोव्हेंबर-फेब्रुवारीला. मात्र जाड स्वेटर घ्याच, पहाटेच्या उघड्या जिप्सीत दात वाजतात.

जलाशयाच्या पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, बफरमध्येही वाघ, बिबट, अस्वल असतात. आणि जमेल तेव्हा गावातल्या होमस्टेतच राहा, जंगलाशेजारी राहणाऱ्यांच्या हाती चार पैसे पडू द्या.