नेमबाजीचे साहित्य : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळविले आणि दोनच दिवसांनी सरबज्योत सिंग यांच्यासह मिश्र सांघिक प्रकारात दुसरे. तेव्हापासून आमच्या कक्षात येणारे पालक एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत : "मुलाला पिस्तूल घेऊन द्यावे का, आणि कोणते?" विश्वस्त मंडळातील एका सदस्यांनी तर शाळेनेच दोन पिस्तुले घ्यावीत असे सुचविले. आपल्या भागात हा विषय परका नाही. इंदूरहून तासाभरावर महूला सेनेची नेमबाजी तुकडी आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलमध्ये रौप्यपदक जिंकणारे विजय कुमार तेथेच तयार झाले. भोपाळला राज्य शासनाची अकादमी आहे. तेथील चिंकी यादव यांनी मार्च २०२१ मध्ये दिल्लीच्या विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले, तेव्हा रौप्य कोल्हापूरच्या राही सरनोबत यांना आणि कांस्य मनू भाकर यांना मिळाले होते. (आपल्याकडे बोलताना आपण सर्रास 'निशाणेबाजी' म्हणतो. छापताना मात्र 'नेमबाजी' लिहावे, असा मराठीच्या बाईंचा आग्रह आहे.)

आमचे उत्तर असे : पिस्तूल लगेच घेऊ नका. चांगले विदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. किमान सहा महिने मुलाने रेंजवरील पिस्तुलावर सराव करावा. पिस्तूल फक्त एका हाताने धरायचे असते. त्याचे वजन साधारण एक किलो असते आणि नियमाप्रमाणे ते दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही. घरी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हात सरळ करून धरून पाहा, म्हणजे स्पर्धेतील ६० नेम काय असतात याची कल्पना येईल. ज्या मुलाला हा कंटाळवाणा भाग आवडतो, त्याच्यासाठीच पुढचा खर्च करावा.

आणखी एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. ४.५ मिलिमीटर छिद्राच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. पॉइंट टू-टूच्या पिस्तुलाला लागतो, कारण ते बारुदाचे अग्निशस्त्र आहे. पण परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणे आहे असे मुळीच नाही. छर्रा सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगाने जातो आणि डोळा कायमचा घालवू शकतो.

घ्यायचे ठरलेच, तर सर्वांत आधी मूठ पाहावी. लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. मापाची मूठ हातात घेऊन डोळे मिटावेत, हात उचलावा, डोळे उघडावेत. पुढची आणि मागची साईट आपोआप एका रेषेत दिसली तर मूठ बसली. थोडा फरक प्रशिक्षक कानस आणि लाकडाच्या लांबीने दुरुस्त करून देतात. नववीच्या मुलाचा हात वाढत असतो, म्हणून फार कोरून घेऊ नये. चाप किमान ५०० ग्रॅम वजन उचलणारा हवा. स्पर्धेपूर्वी पिस्तुलाची नळी वर करून चापाला वजन टांगून तपासणी होते. मुलाने कौतुकाने चाप हलका करून घेतला असेल तर तेथेच अडते.

कपड्यांवर खर्च नको. पिस्तूल नेमबाजाला रायफलवाल्यांसारखा जाड कोट नसतो. बूट सपाट तळाचे आणि घोट्याखाली राहणारे असावेत. साधे कॅनव्हासचे चालतात. तुर्कस्तानचे युसुफ डिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात ठेवून पॅरिसमध्ये मिश्र सांघिक रौप्यपदक घेऊन गेले, हे मुलांना ठाऊक आहेच. मात्र नंबर असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावे की समोरची साईट स्पष्ट दिसायला हवी, दूरचे लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते. साडेअकरा मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळाकडे टक लावणारा मुलगा हमखास चुकतो.

देखभालीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. टोकियोमध्ये २०२१ साली पात्रता फेरी चालू असताना मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत बरीच मिनिटे गेली, घड्याळ चालूच राहिले आणि ५७५ गुणांवर त्या बाराव्या आल्या. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. असा बिघाड कोणालाही गाठू शकतो, पण स्पर्धेच्या आठवडाभर आधी प्रत्येक स्क्रू, सील आणि लिव्हर जाणकाराकडून पाहून घेणे आपल्या हाती असते.

मालव्यात पावसाळा मोठा शत्रू. पेटीतील फोम ओल धरतो, म्हणून त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि सराव झाल्यावर घामाचा हात लागलेला प्रत्येक लोखंडी भाग कोरड्या सुती कापडाने पुसावा. नळीत दर काही शे नेमांनंतर फेल्टची सफाईगोळी सोडली की पुरे. शिवणयंत्राचे किंवा खोबऱ्याचे तेल नळीत अथवा हवेच्या झडपेजवळ अजिबात घालू नये. दाबाखालच्या हवेशी तेलाचा संपर्क धोक्याचा असतो आणि सीलही खराब होतात. हवेचा सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत भरतात. त्यावर तारीख कोरलेली असते, मुदत साधारणतः १० वर्षांची. जुने पिस्तूल स्वस्तात मिळत असेल तर ही तारीख आधी वाचावी. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हे आयांनी पाहावे.

घरी छर्ऱ्याशिवाय कोरा सराव करता येतो आणि तो फार उपयोगी आहे. त्या वेळी छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत असावी, तोंड कोऱ्या भिंतीकडे असावे आणि लहान भावंडे बाहेर. काम झाले की नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालून पेटीला कुलूप लावावे. किल्ली पालकांजवळ राहील.

शाळेसाठी पिस्तुले घेण्याचा प्रस्ताव आम्ही तूर्त पुढे नेलेला नाही. रेंज आणि प्रमाणित प्रशिक्षक नसताना कपाटात ठेवलेले पिस्तूल आम्हांस नको आहे. ज्यांना शिकायचे आहे, त्यांना शनिवारी रेंजवर जाण्यासाठी शेवटच्या दोन तासांची सूट मिळेल. पालकांचे लेखी संमतिपत्र कार्यालयात द्यावे. पिस्तूल किंवा छर्रे, पेटीला कुलूप असले तरी, दप्तरातून शाळेत आणू नयेत. सराव शाळा सुटल्यावर असेल तर पालकांनीच ते रेंजवर पोचवावेत.