वाळवंटात पूर्ण बाह्यांचा सदरा

मागच्या मे महिन्यात काकांकडे मस्कतला गेलो, तेव्हा बॅगेत चार टी-शर्ट आणि दोन शॉर्ट्स होत्या. वाळवंट म्हणजे उकाडा, उकाडा म्हणजे कमी कपडे, असा आपला सरळ हिशोब!

मस्कतला समुद्रामुळे हवा दमट. घाम नुसता निथळत होता. तिसऱ्या दिवशी दोनेकशे किलोमीटर आत, वहिबाच्या वाळूत गेलो. तिथे ऊन कडक, पण घामाचा पत्ताच नाही. म्हटलं, बरंय की! तासाभरात डोकं गरगरायला लागलं, जीभ टाळूला चिकटली. आमच्या ओमानी ड्रायव्हरने मला सावलीत बसवून पाणी पाजलं आणि ओलं फडकं मानेवर टाकलं. तो स्वतः घोट्यापर्यंतच्या दिशदाशात मजेत होता. काका म्हणाले, "अरे, घाम येतोय, फक्त तुला दिसत नाहीये."

मेकॅनिकलच्या पोराला हे दुसऱ्याने सांगावं लागलं! कोरड्या हवेत घाम येता येताच वाळतो. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता नेतो, पण तेवढं पाणी पुन्हा प्यावंच लागतं. शिवाय त्वचेचं तापमान 35 अंशांच्या आसपास. हवा 45 अंशांची असली, की उष्णता उलट बाहेरून आत येते. म्हणजे उघडं अंग हा तोटाच. सैल, लांब कपडा ऊन अडवतो आणि आत हवा खेळती ठेवतो.

रंगाचं काय? बेदुईनांच्या काळ्या झग्यांवरचा एक प्रयोग 1980 साली 'नेचर'मध्ये छापून आला. काळा झगा जास्त तापतो खरा, पण ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात अंगाला लागणारी उष्णता सारखीच निघाली! थोडक्यात, कपडा सैल हवा.

दमट किनाऱ्यावर मात्र घाम वाळत नाही. तिथे पातळ सुती कपडे आणि सावली हाच उपाय. जून 2018 मध्ये किनाऱ्यावरच्या कुरियातला सबंध 24 तासांत पारा 42.6 अंशांखाली उतरला नव्हता! उलट आतल्या कोरड्या भागात रात्री वाळू भराभर निवते. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागतो. आणि दक्षिणेच्या सलालाला जून ते सप्टेंबर चक्क धुकं नि भुरभुर पाऊस!

तर मित्रांनो, बॅगेत पूर्ण बाह्यांचे सैल सुती सदरे, सैल पँट, डोक्याला उपरणं आणि गॉगल टाका. मशिदीत नि बाजारातही हेच शोभतं. पाणी तहानेची वाट न बघता प्या.

भर उन्हात आमचे आजोबा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मुंडासं घालून शेतात का जायचे, हे मला हीट ट्रान्सफरचा पेपर सुटल्यावर कळलं. तेही ओमानला जाऊन!