पेशव्यांच्या दरबारातला स्कॉटिश चितारी

सवाई माधवराव आणि नाना फडणवीस कसे दिसत, हे आज आपण बऱ्याच अंशी एका स्कॉटिश माणसाच्या नजरेने पाहतो. जेम्स वेल्स हा पीटरहेडचा, जन्म १७४७. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामुळे पुढच्याच वर्षी पुण्यात पोहोचला. दरबाराने त्याला समोर बसून चित्रे काढू दिली. नानांची अंगकाठी आणि कोरडी मुद्रा त्याने जराही गोड केलेली नाही.

वेल्सचे डोंगर-लेण्यांचे वेड मात्र दरबारी चित्रांहून मोठे. वेरूळच्या कामात त्याच्यासोबत पुण्याचा गंगाराम तांबट होता. हा गडी स्वतःच कसलेला चित्रकार, तरी नाव मागेच राहिले. साष्टीतल्या लेण्यांची चित्रे काढताना तापाने गाठले आणि १७९५ मध्ये वेल्स गेला. त्याची वेरूळची चित्रे इंग्रज चित्रकार टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये छापली. इंग्रज-मराठ्यांमधल्या १७९० च्या पुणे तहाचे भव्य दरबारचित्रही वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून डॅनियलनेच १८०५ मध्ये रंगवले. गंमत अशी, की त्या दरबाराला दोघांपैकी एकही हजर नव्हता! ते चित्र आता लंडनच्या टेट संग्रहात आहे.