रातपाळीनंतरचा पहिला तास

परीक्षेचा अर्ज भरायची तारीख उलटून जाणे, ओळखपत्र घरी राहणे, प्रात्यक्षिकाची वही सादर करायच्या दिवशीच विसरणे, वाचायला बसल्यावर तासभर एकाच पानावर नजर फिरत राहणे, असे विद्यापीठीय विद्यार्थ्याच्या आयुष्यातले किरकोळ घोटाळे बहुधा आळस किंवा मोबाइल या दोन कारणांच्या खात्यावर टाकले जातात. स्मृती आणि अवधान यांच्या अभ्यासातून आजवर जे हाती आले आहे, ते या सोप्या निदानाला फारसा आधार देत नाही; आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरातून कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस लक्षात घेतला, तर ते निदान अपुरे तर ठरतेच, शिवाय अन्यायाचेही ठरते.

ज्या सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यांच्या उत्पादनाचा मोठा भाग या औद्योगिक वसाहतीतल्या आणि तिच्या आसपासच्या यंत्रमागांवर होतो. साचे म्हणजे माग चालवणे, कांड्या भरणे, टॉवेलच्या कडा शिवणे, घड्या घालून गठ्ठे बांधणे अशा कामांवर येथील कित्येक कुटुंबे जगतात, तर अनेक घरांतील स्त्रिया बिड्या वळतात. अशा घरांतील मुले पदवीपर्यंत पोहोचू लागली, यात २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाल्याचा वाटा आहे, कारण त्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि विद्यापीठातले एखादे काम निघाले तर दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागे. आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ हे नाव धारण करणारे ते विद्यापीठ केगावला, पुणे महामार्गावर आहे. मात्र अक्कलकोटचा रस्ता शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे या भागातल्या विद्यार्थ्याला तेथे जायचे तर सारे शहर ओलांडावे लागते.

विसरण्यापासूनच आरंभ केला तर असे दिसते की, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९७० च्या दशकात सामान्य लोकांना रोजनिशी ठेवायला सांगून दैनंदिन चुकांचे नमुने गोळा केले, तेव्हा या चुका अवघड कामांपेक्षा अंगवळणी पडलेल्या कामांतच अधिक होतात आणि त्या वेळी माणसाचे मन बहुधा दुसऱ्याच कशात तरी गुंतलेले असते, असे आढळले. अशा चुकीला कृतिस्खलन म्हणता येईल, म्हणजे हेतू बरोबर असूनही सवयीच्या ओघात हात भलतीकडे वळणे. परीक्षेच्या दिवशी हॉलतिकिटाऐवजी रोजचेच सामान पिशवीत भरले जाते ते यामुळेच. याच्या जोडीला असते ती भविष्यलक्ष्यी स्मृती, म्हणजे पुढे करायची गोष्ट योग्य वेळी आपणहून आठवण्याची क्षमता. पाठ केलेले आठवायला प्रश्नपत्रिका मदत करते, पण शुक्रवारी अर्जाची मुदत संपते याची आठवण करून द्यायला समोर काहीच नसते, आणि म्हणून अभ्यासात हुशार असलेली मुलेही नेमकी येथे फसतात.

झोपेचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. घरखर्चाला हातभार लावण्यासाठी जो विद्यार्थी रातपाळी करून सकाळी वर्गात येतो, त्याच्या पापण्या पहिल्याच तासाला मिटू लागतात आणि वर्गात त्याची नोंद बेफिकीर म्हणून होते. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, सलग १७ तास जागे असलेल्या माणसाच्या हाताचा आणि नजरेचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच बिघडतो. दिवसभर कॉलेज आणि रात्रभर साचा अशी ज्याची रीत आहे, तो ही मर्यादा पहाटेपूर्वीच ओलांडून गेलेला असतो. अशा अवस्थेत काही सेकंदांची डुलकी नकळत लागते, डोळे उघडे असले तरी फळ्यावरचे डोक्यात उतरत नाही, आणि वहीत मधलीच एक ओळ गळते जी पुढे परीक्षेच्या आदल्या रात्री सापडत नाही. एवढे होऊनही तो वर्गात येतो, ही गोष्ट शिक्षकांनी मोलाची मानली पाहिजे.

आवाजाविषयीची सर्वसाधारण समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास होणे अशक्य, असे बाहेरच्या माणसाला वाटते. तो आवाज कानांना अपायकारक आहे यात शंका नाही, कारण ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात रोज आठ तास काढले तर काही वर्षांत श्रवणशक्तीला इजा पोहोचू शकते आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये ही पातळी सहज ओलांडली जाते. परंतु भिंतीपलीकडून येणारा एकसुरी आवाज आणि माणसांचे बोलणे यांचा स्मरणावर होणारा परिणाम सारखा नसतो. हर्बर्ट कोल आणि ॲलन वेल्श यांनी १९७६ साली प्रकाशित केलेल्या प्रयोगात, न कळणाऱ्या परक्या भाषेतले वाचन कानावर पडत असतानाही क्रमाने लक्षात ठेवलेली अक्षरे आठवणे विद्यार्थ्यांना जड गेले. पियर सालामे आणि ॲलन बॅडली यांनी १९८२ साली दाखवले की साध्या, सलग गोंगाटाने तसा बिघाड होत नाही. सतत बदलणारा ध्वनी मनातल्या मनात चाललेल्या घोकणीत घुसतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात याचा अर्थ असा की, एका खोलीच्या घरात व्याख्या पाठ करणाऱ्या मुलीला दूरच्या सवयीच्या खडखडाटापेक्षा शेजारच्या मोबाइलवरची न समजणारी मालिका अधिक छळते, आणि ‘ऐकू नकोस, लक्ष देऊ नकोस’ हा घरच्यांचा सल्ला तिच्या आवाक्याबाहेरचा असतो.

मोबाइलचा दोष नाकारण्याचे कारण नाही, परंतु तो कसा घडतो हे समजून घेणे उपयुक्त आहे. सोफी लिरॉय यांनी २००९ साली मांडलेल्या कल्पनेनुसार एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही अंश पहिल्यातच अडकून राहतो. त्याला अवधानाचा अवशेष म्हणता येईल. पाळी कोणती लागली हे विचारणारा संदेश, कॉलेजच्या गटावरची सूचना आणि मित्राने पाठवलेले रील यांच्यामध्ये दहा-दहा मिनिटे वाचणारा विद्यार्थी तासभर वाचल्याचे समाधान मिळवतो, पण त्याच्या वाट्याला तासभराचे लक्ष आलेले नसते. मोबाइल नुसता टेबलावर असला तरी बुद्धीवर ताण येतो, असा निष्कर्ष टेक्सासमध्ये पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून निघाला होता. नंतरच्या सर्वच पडताळण्यांत मात्र तो तितक्या ठळकपणे टिकलेला नाही, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. शिवाय या परिसरातल्या विद्यार्थ्याला मोबाइल दूर ठेवणे परवडतेच असे नाही, कारण मुकादमाचा फोन आणि शिष्यवृत्तीची सूचना त्याच यंत्रावर येतात.

वेळेचा अंदाज चुकणे ही तर सर्व वर्गांतील विद्यार्थ्यांची सामाईक अडचण आहे. कॅनडातील रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली नोंदवले की, प्रबंध पूर्ण करायला सरासरी ३४ दिवस लागतील असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. याला नियोजनभ्रम म्हणतात.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, चूक सर्वांची सारखीच असली तरी तिची किंमत सारखी नसते. सुस्थितीतल्या घरातला विद्यार्थी मुदत चुकवतो तेव्हा विलंब शुल्क भरून मोकळा होतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात तेच शुल्क आणि ते भरण्यासाठी बुडालेला दिवस मिळून आठवड्याचा हिशेब कोलमडतो. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची सुगीपूर्वी आणि सुगीनंतर तपासणी करून सेंधिल मुल्लईनाथन, एल्डार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली असे दाखवले की, तेच शेतकरी पैशांची चणचण असताना बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत होते आणि उसाचे पैसे हाती आल्यावर सुधारत होते. पैशांच्या विवंचनेत मनाची जागा व्यापली जाते आणि उरलेल्या गोष्टींना ती कमी पडते, हा त्याचा आशय आहे. याचा अर्थ, ज्या घरात चूक महाग पडते त्याच घरात ती होण्याची शक्यताही वाढते, आणि अशा मुलांना विसराळू म्हणून हिणवणे म्हणजे परिस्थितीचा भार त्यांच्या स्वभावावर लादणे होय.

शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जात हे दुहेरी ओझे स्पष्ट दिसते. आधार कार्डावरचे आडनाव आणि गुणपत्रिकेवरचे आडनाव यांत एका अक्षराचा फरक निघतो, जे तेलुगू भाषक पद्मशाली समाजातल्या आडनावांच्या बाबतीत सहज घडते. बँक खाते आधारशी जोडलेले नसते. ओटीपी जातो तो वडिलांच्या फोनवर, आणि वडील तर साच्यावर असतात. यांतली एकही गोष्ट विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाने घडलेली नसते, तरी अर्ज रखडला की त्याचीच वर्षभराची फी अडकते.

काम आणि शिक्षण यांची सांगड नीट घालता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे त्याचे तत्त्व ठेवले, आणि पुढे राज्यातील विद्यापीठांनी त्या नावाच्या योजना राबवल्या. तिथे श्रमाचे तास वर्गाचे तास पाहून ठरतात. कारखान्यात मात्र वर्ग पाहून पाळी कोणी ठरवत नाही. एमआयडीसीच्या परिसरात रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी शांत अभ्यासिका, नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांची महाविद्यालयाकडे वेगळी नोंद, मुदत संपण्यापूर्वी मुलाबरोबर पालकांच्या फोनवरही जाणारा मराठी आणि तेलुगू संदेश, आणि परीक्षेच्या काळात विद्यार्थी कामगाराला दिवसपाळी देण्याची कारखानदारांची तयारी, एवढ्या गोष्टींना फार मोठा खर्च लागत नाही. यांपैकी नोंदीचे काम तर महाविद्यालयांना येत्या प्रवेशअर्जातच एक रकाना वाढवून सुरू करता येईल.