मशीन नंतर, आधी वर्गीकरण : रिसायकलिंगच्या धंद्यात पैसा नेमका कुठे आहे?



"सर, प्लास्टिकचा दाणा बनवायचं मशीन घ्यायचंय, कर्ज किती काढू?" हा प्रश्न नेहमी येतो. माझं उत्तर एकच असतं. थांबा. आधी कचऱ्याचा माल कसा होतो ते बघा. कारण मशीनचा हप्ता दर महिन्याला येतो, स्वच्छ माल मात्र आपोआप येत नाही.

मोठ्या प्लांटमध्ये काय होतं?

गाडी आधी वजनकाट्यावर जाते. मग कचरा छिद्रं असलेल्या मोठ्या फिरत्या पिंपात जातो. माती आणि बारीक कचरा खाली गळतो, मोठ्या वस्तू पुढे सरकतात. नंतर चालत्या पट्ट्यावर लोहचुंबक लोखंड उचलतं. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. ते वेगाने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने बाजूला फेकलं जातं. हवेच्या झोताने कागद आणि पिशव्या उडवून वेगळ्या करतात. परदेशातल्या मोठ्या प्लांटमध्ये प्लास्टिकचा प्रकार कॅमेऱ्यासारखी यंत्रं ओळखतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम पट्ट्याशेजारी उभी असलेली माणसं हाताने करतात.

म्हणजे वितळवणं, दाणा काढणं हे सगळं शेवटी. आधीचं सगळं काम निवडण्याचं!

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली. नाव बघा: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच वर्गीकरणाची यादी आहे. पुढे याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुण्यात घरोघरी कचरा गोळा करायचं काम घेतलं. कोकणात वेंगुर्ला नगरपरिषदेने घरापासूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्यातून बायोगॅस केला आणि प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात वापरलं. दोन्हीकडे सुरुवात वेगळं करण्यापासूनच झाली.

प्लास्टिक म्हणजे एक वस्तू नाही

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट (पाण्याची बाटली), २ एचडी (शाम्पूची बाटली, कॅन), ३ पीव्हीसी (पाइप), ४ एलडी (पिशव्या), ५ पीपी (डबे, खताची गोणी). आकडा नसेल तर तुकडा पाण्यात टाका. एचडी, एलडी आणि पीपी तरंगतात. पेट आणि पीव्हीसी बुडतात.

घोटाळा इथेच होतो. पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात, म्हणून एकमेकांत मिसळतात. पेट वितळायला साधारण २५० अंश उष्णता लागते. तेवढ्यात पीव्हीसी जळतं, आम्लाचा वायू सोडतं आणि सगळा घाणा काळा पडतो. थोडेसे पाइपचे तुकडे पूर्ण लॉट पाडू शकतात. एकदा असा माल गेला, की व्यापारी पुढच्या वेळी तुमचं पोतं उघडून बघितल्याशिवाय भाव बोलत नाही.

पुठ्ठ्याचंही तसंच. कोरडा असेल तर भाव, ओला असेल तर वजनात कपात, तेलकट असेल तर परत.

आता हिशेब करू

आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, आजचा भाव तुमच्या व्यापाऱ्याला विचारा.

समजा, १०० किलो मिक्स प्लास्टिक १२ रुपयांनी घेतलं: १२०० रुपये.

- ४० किलो एचडी-पीपी, २५ रुपयांनी: १०००
- ३० किलो पेट, २५ रुपयांनी: ७५०
- १५ किलो पिशव्या, ८ रुपयांनी: १२०
- १५ किलो टाकाऊ: ०

विक्री १८७०. मजुरी ४००, वाहतूक १५०. हातात उरले १२० रुपये.

आता टाकाऊ १५ ऐवजी २५ किलो निघालं आणि पेट तेवढीच कमी भरली, तर १२० चा नफा जाऊन १३० चा तोटा होतो. फक्त दहा किलोने!

उलट, माल घरातून, दुकानातून वेगळा होऊनच आला तर तोच माणूस दिवसात २०० किलो उरकेल. मग मजुरी तेवढीच राहून, दुप्पट वाहतूक धरूनही ६४० उरतात. नफा खरेदीत आणि निवडण्यात आहे, तो असा.

डोणगावात बसून काय करता येईल?

मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावात शहराएवढा कचरा निघणार नाही. पण किराणा दुकानांचा पुठ्ठा, हॉटेलांच्या बाटल्या, शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या रिकाम्या गोण्या हा माल शोधण्यासारखा आहे. ठिबकची नळी एकाच जातीची आणि एकगठ्ठा मिळते, म्हणून निवडायला सोपी. मल्चिंग पेपर घेताना सावध राहा, त्याला चिकटलेली माती तुम्ही प्लास्टिकच्या भावात विकत घेता. औषध फवारणीच्या बाटल्या मात्र बाकीच्या मालात अजिबात मिसळू नका, ते विष आहे. कुरकुऱ्यांच्या पाकिटासारखं चकचकीत प्लास्टिक अनेक थरांचं असतं, त्याचा दाणा होत नाही. ते घेऊच नका.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, उद्यम नोंदणी आणि जीएसटीची चौकशी आधी करा. धुणं किंवा दळणं करणार असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचंही विचारून घ्या. कर्जाच्या योजनांसाठी बुलढाण्याचं जिल्हा उद्योग केंद्र आहे. शेडमध्ये आग विझवायची सोय ठेवा आणि उरलेला कचरा कधीही जाळू नका.

या महिन्याचं काम

एक वजनकाटा, सहा पोती, हातमोजे आणि एक वही. दहा दुकानांशी बोला, महिनाभर माल गोळा करा. रोज लिहा: किती आलं, कशात किती निघालं, टाकाऊ किती. सोबत तीन व्यापाऱ्यांचे भाव घ्या.

महिन्याअखेरी ती वहीच सांगेल, की मशीन घ्यायचं की नाही. बँकेत जाल तेव्हाही तीच वही सोबत न्या.

चला, कामाला लागा!