जाड पायांची तिरकी अक्षरे

होंडाचे नाव आठवा, किंवा मुंबई-पुणे मार्गावरच्या व्होल्वो बसचे. अक्षरांच्या टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या दिसतील. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकाची आडवी रेघ. पुस्तकी टाइपात ती निमुळती असते. या वळणात जवळजवळ खांबाइतकी जाड. म्हणून हे स्लॅब सेरिफ.

या वळणाचा जन्म पुस्तकासाठी नव्हे, भिंतीसाठी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनमध्ये कारखाने, नाटके आणि लॉटऱ्या यांची पोस्टरे एकमेकांवर कुरघोडी करत होती. व्हिन्सेंट फिगिन्सने १८१७च्या सुमारास असा टाइप ‘अँटिक’ नावाने नमुनापुस्तकात छापला, तोही फक्त कॅपिटल अक्षरांचा. रॉबर्ट थॉर्नच्या मृत्यूनंतर त्याची टाइप ओतण्याची फाउंड्री विल्यम थोरोगुडने घेतली आणि १८२१ मध्ये थॉर्नचा टाइप ‘इजिप्शियन’ म्हणून बाजारात आणला. नेपोलियनच्या स्वारीपासून युरोपला इजिप्तचे वेड लागले होते, एवढाच संबंध. गंमत म्हणजे थोरोगुडला फाउंड्रीसाठी पैसा मिळाला तो लॉटरीत!

१८४५ मध्ये रॉबर्ट बेझलीच्या ‘क्लॅरेंडन’ने या दांडग्या वळणाला पुस्तकात आणले. साध्या मजकुराच्या ओळीत बसेल असा हा ठळक टाइप कोशकारांनी उचलून धरला. त्याला कायद्याचे संरक्षण तीनच वर्षांचे होते. ते संपताच नकलांचा सुळसुळाट झाला.

खरी पंचाईत होते ती हे वळण तिरपे करताना. इटॅलिक, म्हणजे तिरपा टाइप, हा मुळात धावत्या हस्ताक्षराचा वंशज. व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुस या मुद्रकाने १५०१ मध्ये तो छापील पुस्तकात आणला. धावणाऱ्या लेखणीच्या पायात जाड पट्ट्या बांधायच्या कशा? ठळक, तिरपा ‘n’ भिंगाखाली धरा. खांब उजवीकडे कललेला, पट्टी मात्र सपाट. त्यामुळे खांबाच्या उजवीकडे चिंचोळा कोन तयार होतो आणि छपाईत शाई नेमकी तिथे साचते. दोन पायांच्या आतल्या पट्ट्या एकमेकींना भिडू पाहतात. जाणकार आरेखक त्या आखूड करतो, आडव्या रेघा उभ्यांपेक्षा किंचित बारीक ठेवतो, वळणे पुन्हा काढतो.

मोनोटाइप कंपनीच्या १९३४च्या ‘रॉकवेल’चा इटॅलिक म्हणजे उभ्या अक्षराला दिलेला कल. त्यात लेखणीची चाल नाही. १९९०चा पीटर माटियास नोर्डझाय यांचा ‘सेसिलिया’ वेगळ्या वाटेने गेला. त्याचा इटॅलिक लेखणीच्या चालीने काढला आहे, आणि पट्ट्या तरीही शाबूत आहेत. किंडलच्या सुरुवातीच्या यंत्रांवर वाचनासाठी हाच टाइप होता. माझ्या मते या घराण्यातला सर्वांत शहाणा तोच.

ठळक, तिरपे स्लॅब शोभते ते खेळाडूच्या जर्सीवर, मालाच्या वेष्टनावर, मासिकाच्या दोन-तीन शब्दांच्या मथळ्यात; जिथे जोरही हवा आणि वेगही. परिच्छेदभर वापरले तर पान काळे पडते, डोळा थकतो.

संगणकावर मात्र तिरप्या ‘I’चे बटण दाबले, की वेगळा इटॅलिक नसलेला फाँटही झुकतो. गोलाई पिचकते, जाडी बिघडते. मराठी मासिकांच्या मांडणीत देवनागरीचेही हेच हाल होतात. मांडणीकारांना एवढीच विनंती: फाँटसोबत स्वतंत्र काढलेला इटॅलिक नसेल, तर त्या बटणाला हात लावू नका. साधा ठळक पुरतो.